बनुबाईची कवडी आणि लंकाबाईचं मीठ

मांजरांचं आणि माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दुधावर डोळा, चालताना पायात घुटमळणं, आणि आपण हाकललं तरी जागचं हलायचं नाही. तरीही मी एकदा एका मांजरीसाठी घोडेगावच्या बाजारापर्यंत मांडीवर पाटी धरून बैलगाडीतून गेले आणि वाटभर तिचं ओरडणं ऐकलं. ती मांजर बनुबाईची होती म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर मी उंबरासुद्धा ओलांडला नसता.

बनुबाई आमची शेजारीण. मी नगरहून लग्न होऊन त्या गावात आले, तेव्हा तिची पिठाची गिरणी आमच्या भिंतीला लागूनच होती. पलीकडे इंजिन सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. इंजिन तिचा नवरा सहादेव बघायचा. वर्षानुवर्षं त्या आवाजात उभं राहून त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे नवरा-बायकोचं सगळं बोलणं ओरडूनच चालायचं आणि त्यांच्या घरात गुपित म्हणून काही उरलं नव्हतं. बाकीचं सगळं बनुबाईकडे. दळणाच्या पाट्या ओळीनं लावायच्या, पीठ जाड हवं की बारीक ते विचारायचं, नंबरावरून लागलेली भांडणं मिटवायची. अंगानं आडवी, पापण्यांवर कायम पीठ, आणि जिभेला नाही म्हणायची सवयच नव्हती. कुणी रडकं पोर तिच्या मांडीवर टाकून विहिरीवर निघून गेलं, तरी ही आपली त्याला थोपटत बसायची. मला त्याचा राग यायचा. माणसानं इतकं मऊ असू नये असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

गिरणी म्हटली की उंदीर आलेच, आणि उंदीर आले म्हणून कवडी आली. पांढरीशुभ्र भाटी, म्हणजे मादी मांजर, दोन्ही डोळ्यांवर पिवळसर ठिपके. दिवसा पोत्यांच्या थप्पीवर झोपायची. इंजिनाचा पट्टा फिरायला लागला की खिडकीत जाऊन बसायची आणि पट्टा थांबेपर्यंत खाली उतरायची नाही. एवढी अक्कल माणसांनाही नसते, असं सहादेव म्हणायचा. कामाला तर अशी वाघीण, की आमच्या घरातलेही उंदीर तिच्या धाकानं पळाले. तेवढ्यापुरती मी तिला मानायची.

आता मिठाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या गावात मांजराचं पिल्लू कुणी विकत नसे आणि कुणी फुकटही नेत नसे. ज्याला पिल्लू हवं त्यानं ओंजळभर मीठ आणून द्यायचं. मीठ घेतलं की शब्द दिला. या वेताला जमलं नाही तर पुढच्या वेताला द्यायचं, पण मीठ परत करायचं नाही. मीठ परत केलं की त्या घराशी जाणं-येणं संपलं. असं तुटलेलं एक घर माझ्या सासूबाईंनी मला लांबून दाखवलंही होतं. पिल्लं कुणाची, तर ती ज्या घरात डोळे उघडतील त्या घरची. म्हणून शहाणी माणसं पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कुणाचं मीठ घेत नसत. बनुबाई घ्यायची. मांजर गाभण आहे की नाही हे कळायच्या आधीच घ्यायची. चुलीमागं तिचं एक गाडगं होतं, त्यात आलेलं सगळं मीठ ओतायचं आणि तेच कालवणात घालायचं. म्हणजे शब्द दिलेलाच नव्हे, तर खाऊन पचवलेला.

कवडीचं पहिलं वेत मिठाच्या घरांनीच संपलं. दुसऱ्या वेतातली काही पिल्लं गावातल्या एका काळ्या बोक्यानं खाल्ली आणि एक पिल्लू पट्ट्याखाली गेलं. त्या दिवशी बनुबाईनं इंजिन बंद ठेवायला लावलं आणि दळणाला आलेल्या बायकांना परत पाठवलं. उरले ते सगळे बोकेच.

आणि नेमकं त्या वेताला लंकाबाईचं मीठ घेतलेलं होतं. लंकाबाई म्हणजे वरच्या आळीतली, कारभारी नावाच्या चांगल्या जमीनवाल्या शेतकऱ्याची बायको. घरात ज्वारीच्या उंच कणग्या आणि कणग्यांत उंदरांची वस्ती. दळण टाकून ती घरी जात नसे. तिथंच रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसून सगळ्या गावाचा हिशोब करायची. मीठ देतानाच तिनं सांगून ठेवलं होतं, "मला भाटी पायजे हां. बोका नगं. बोका खातो आपल्यात आन् उंदीर धरतो दुसऱ्याच्यात."

म्हणून बनुबाईनं आणून दाखवलेल्या बोक्यांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "ऱ्हाऊ दे. पुढच्या येताला दे," म्हणाली. बाकी सगळ्यांची मिठं फिटली, हिचं राहिलं.

पुढचं वेत दिवाळीच्या सुमाराला आलं. मिलोच्या आदल्या वर्षी. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल ज्वारी. आमच्याकडे अजून त्यावरूनच सालं सांगतात. सकाळपासून कवडी पोत्यांमागं कण्हत होती आणि पिल्लू काही बाहेर येत नव्हतं. बनुबाई दळण सोडून तिच्याजवळ बसलेली. योगायोगानं त्या दिवशी कारभारीच्या म्हशीला बघायला घोडेगावहून गुरांचे डॉक्टर आले होते. गोरक्षनाथ त्यांचं नाव. तरुण, उंच, कायम घाईत. बनुबाई तशीच पिठाच्या हातांनी लंकाबाईच्या गोठ्यात गेली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही धरून त्यांना गिरणीत घेऊन आली. बाहीवर पिठाची पाच बोटं उमटलेली मी स्वतः बघितली.

डॉक्टरांनी हात धुतले, तेल लावलं आणि बऱ्याच वेळानं एक मेलेलं पिल्लू बाहेर काढलं. त्याच्यामागून एक जिवंत आलं. मग काही नाही. कवडी डोळे मिटून पडली होती.

"मावशी, ही वाचली ते नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. "पण पुढचं बाळंतपण हिला झेपायचं नाही. आणि त्या दिवशी मी गावात असेनच असं नाही."

"मंग म्या काय करू, डॉक्टरसाहेब?"

"ऑपरेशन करून टाका. पुन्हा गाभणच राहणार नाही."

बनुबाईनं हे सहादेवाला सांगायचं म्हणजे ओरडूनच. "अवो! डॉक्टर म्हनत्यात कवडीचं आप्रेशन करायाचं!" दिवेलागणीपर्यंत सगळं गाव हसत होतं. त्या काळी ऑपरेशन म्हटलं की एकच. चावडीच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि बायका त्याच्याकडे न बघता पुढून जायच्या.

हसायला गाव मोकळं होतं, पण बनुबाईपुढं प्रश्न होता तो कधी करायचं याचा. डॉक्टर त्याच दिवशी करायला तयार नव्हते. "आत्ता तिच्यात जीव नाही आणि अंगावर दूध आहे," ते म्हणाले. "पिल्लू प्यायचं थांबू दे, दूध आटू दे. आणि ती पुन्हा माजावर यायच्या आत घेऊन या. मी बाजारच्या दिवशी दवाखान्यात असतोच."

"त्ये मधलं दिस मला कसं कळायचं?"

"पिल्लू भाकरीचा काला खायला लागलं की वेगळं ठेवा. आचळं सुकली की आणा. मध्येच माजावर आली तर कोंडून ठेवा, माज उतरू द्या आणि मग आणा. फक्त बोक्याला जवळ येऊ देऊ नका."

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला वाटलं, यात अवघड ते काय? पण मांजरीचं तसं नसतं. तिचे मधले दिवस फार थोडे. आज लेकुरवाळी आहे म्हणावं, तर उद्या कौलावर बोक्याला साद घालत असते.

जगलेलं पिल्लू भाटी निघालं. कपाळावर बरोबर मधोमध काळा ठिपका, म्हणून टिकली. बनुबाईनं तिला असा जीव लावला की दळण मोजतानाही पिल्लू लुगड्याच्या ओच्यात. कवडी अशक्त होती म्हणून बनुबाई कापसाच्या बोळ्यानं पिल्लाला शेळीचं दूध पाजायची. ही कुणाला द्यायची नाही, आईच्या जागी गिरणीत हीच राहणार, असं ती सगळ्यांना सांगत होती. सहादेवानं पट्ट्याच्या बाजूला जुन्या पत्र्याचं कुंपण ठोकलं. त्यालाही ती आवडली होती, पण तो तसं बोलून दाखवणारा माणूस नव्हता.

गिरणीत बायकांना विषयच मिळाला. एक म्हणाली, ऑपरेशन केलेलं मांजर उंदीर धरायचं सोडतं. दुसरी म्हणाली, मांजर दगावलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. लंकाबाई पाटीवर बसून म्हणाली, "मुक्या जिवाची कूस बंद करायची म्हंजी लई पाप. आन् उद्या ही बया पोत्यावर नुसती लोळत पडंल, बघा तुमी."

सहादेवाला बायकांच्या तोंडांकडे बघून विषय कळला असावा. तो इंजिनाजवळून ओरडला, "बैल बडवतो का न्हाई आपुन? बडवल्याला बैलच नांगराला चालतो! मंग मांजरीनं काय पाप केलंय?"

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. लंकाबाई हसली नाही. "त्ये ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आन् माझं मीठ?"

"तुझं मीठ पुढच्या..." बनुबाई म्हणायला लागली.

पुढचं वेत येणारच नव्हतं. ऑपरेशन करायचं ठरवताना ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती, माझ्याही नाही. लंकाबाईच्या मात्र आली होती. घरात भाटी एकच होती, आणि ती त्या क्षणी बनुबाईच्या ओच्यातून डोकं बाहेर काढून लंकाबाईकडे बघत होती.

त्या संध्याकाळी मी बनुबाईला चांगलं सुनावलं. "मावशी, नेऊन टाका तिचं मीठ तिच्या दारात. तुटलं तर तुटलं. एक घर कमी झालं म्हणून काय गिरणी बंद पडणार आहे?"

"खाल्ल्यालं मीठ कसं परत दिऊ, पुष्पे?" ती म्हणाली. "आन् ती काय वाईट न्हाई गं. ह्यास्नी टायफाड झाल्ता तवा दोन म्हैने तिच्याच घरून दूध हुतं."

हे मला माहीत नव्हतं. पण राग आला की माहिती नसलेली बरी वाटते, म्हणून मी तशीच घरी आले.

मग तिच्या मनात दुसरंच आलं. ते ती उघड बोलत नव्हती, पण टिकलीला कुरवाळताना एकदा बोलून गेली. "आनखी एकच येत हुऊ द्यावं का? एखांदी भाटी हुईल त्यात. ती दिऊ लंकाबाईला, आन् मंग करू कवडीचं. डॉक्टर काय, डॉक्टर तर भ्या दाखिवत्यातच."

सहादेव शेजारी बसून वंगणाचे हात पुसत होता. त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण तो नेहमीपेक्षा खाली आवाजात म्हणाला, "आन् मेली म्हंजी?"

बनुबाईनं टिकलीला ओच्यात घातलं आणि उठून आत गेली.

पौषात टिकली काला खायला लागली. कवडीची आचळं सुकली. बाजाराला अजून दिवस होते, तेवढ्यात एका सकाळी कवडी जमिनीवर लोळायला लागली आणि असा आवाज काढायला लागली की अंगावर काटा यावा. बनुबाईनं तिला आतल्या खोलीत कोंडलं. दुपारी पत्र्यावर काळा बोका येऊन बसला. सहादेव गिरणीचं काम सोडून हातात काठी घेऊन अंगणात बसला, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्याला विचारून जायचा, "काय सहादेव, राखन कुनाची?" तो ऐकू येत नसल्यासारखा बसून राहायचा. या वेळी ते सोंग होतं, मला खात्री आहे.

बोक्याच्या मागं काठी घेऊन तो जरा लांब गेला, तेव्हाची गोष्ट. मी पिठाचा डबा न्यायला आत गेले, तर बनुबाई आतल्या खोलीच्या दारापाशी उभी होती. हात कडीवर. आत कवडी दार ओरबाडत होती. नुसती कडी काढायची, की बाकीचं आपोआप झालं असतं. कुणी तिला दोषही दिला नसता. मांजर निसटलं म्हटलं की संपलं. आणखी एक वेत, लंकाबाईची भाटी, आणि टिकली घरातच. कवडी राहिली असती, नाहीतर नसती.

मी उंबऱ्यातच थांबले. 

तिनं हात खाली घेतला. कोपऱ्यात चिंधीशी खेळणारी टिकली उचलली आणि सरळ बाहेर आली. लंकाबाई नेहमीसारखी पाटीवर बसलेली होती. बनुबाईनं पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं.

"ही घे. तुझं मीठ फिटलं."

 लंकाबाईनं पिल्लाची शेपटी वर करून बघितलं, नीट खात्री करून घेतली आणि म्हणाली, "भाटीच हाय." मग तिला पदरात गुंडाळून, दळण तिथंच सोडून, उठून गेली.

बनुबाई आत येऊन चाळलेली ज्वारी पुन्हा चाळायला बसली. डोळ्यांतलं पाणी पापण्यांच्या पिठात मिसळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला फार वाईट वाटलं. लंकाबाईला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी दारापर्यंत गेलेसुद्धा, पण काय सुनावणार? तिचं तिनं नेलं होतं.

बाजारच्या दिवसापर्यंत कवडीचा माज उतरला. आदल्या संध्याकाळपासून तिला उपाशी ठेवलं होतं, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांवर चिडलेली. एका पाटीत तिला बसवून वर दुसरी पाटी उपडी घातली आणि चऱ्हाटानं बांधली. सहादेव गाडी हाकत होता. बनुबाई सारखी चऱ्हाट सैल करून आत बघायला जायची, म्हणून पाटी माझ्या मांडीवर आली.

घोडेगावचा बाजार म्हणजे बैल, म्हशी, शेळ्या आणि धूळ. दवाखान्यापुढच्या लिंबाखाली आम्ही बसलो तर एका म्हाताऱ्या बागवानानं विचारलं, "काय आनलंय? कोंबड्या?"

"मांजर हाय," बनुबाई म्हणाली. "आप्रेशनला."

त्यानं आणखी दोघांना बोलावून आणलं. लोक बैलाचे दात बघायचे सोडून आमची पाटी बघायला लागले. मी सगळ्यांना हाकलून दिलं. त्या दिवशी माझा स्वभाव कामाला आला.

डॉक्टरांनी कवडीला तपासलं. पोट चाचपलं, आचळं बघितली. "अगदी वेळेवर आणलीत, मावशी," म्हणाले. मुंबईला शिकताना त्यांनी अशी ऑपरेशनं केली होती, पण इथं आल्यापासून त्यांच्या टेबलावर मांजर आलेलं नव्हतं. आम्हाला बाहेर बसवलं. बनुबाई दाराकडे बघत बसली. मी तिला शेंगा दिल्या, त्या तिनं हातातच धरून ठेवल्या. सहादेव उगीच बैलांना पुन्हा पुन्हा पाणी दाखवत होता.

डॉक्टरांनी पाटी आणून दिली तेव्हा कवडी चिंधीसारखी पडलेली होती, जीभ बाहेर, डोळे अर्धवट उघडे. बनुबाईनं एकच हंबरडा फोडला. "मारली गं बाई म्या! माझ्या हातानं मारली!"

"अहो मावशी, भूल आहे ती!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी बनुबाईचा हात धरून कवडीच्या छातीवर ठेवला. हाताखाली धडधड लागल्यावर ती गप्प झाली. मग तिथंच मातीत बसली आणि मुठीतल्या शेंगा फोडून खायला लागली. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं.

टाके चाटू द्यायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मांजरीला चाटू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. बनुबाईनं घरी आल्यावर ट्रंकेतून एक जुनं अंगडं काढलं, तिच्या धाकट्या मुलाचं. तो आता कर्जतला मास्तर होता. अंगड्याला पायांसाठी भोकं पाडली आणि बंद पाठीवर बांधले. फुलाफुलांचं अंगडं घालून कवडी पोत्यांच्या थप्पीवर बसायची, आणि तिला बघायला वरच्या आळीपासून माणसं यायची. त्या आठवड्यात जितकं दळण आलं तितकं सणासुदीलाही येत नसे. लोक मूठभर बाजरी घेऊन यायचे आणि तासभर थांबायचे.

टाके निघाल्यावर पहिला उंदीर तिनं धरला आणि नेऊन टाकला तो बरोबर लंकाबाईच्या पाटीपुढं. हे मी बघितलेलं आहे. लंकाबाईनं पदर आवरला आणि म्हणाली, "धरती म्हनायची." बस्स, एवढंच. पण बनुबाईचा चेहरा दिवसभर उजळलेला होता.

टिकली लंकाबाईकडे कणगीला बांधलेली होती, पळून येऊ नये म्हणून. पुढं तिला सोडलं. ती तिथं रमली, उंदीर मारायला लागली, अंगानं भरली. बनुबाई वरच्या आळीला गेली की तिच्या दारावरून जायची, पण थांबायची नाही. दिलेल्या लेकीच्या दारात उगीच उभं राहू नये, असं म्हणायची.

मग मिलोचं साल आलं. कणग्या रिकाम्या पडल्या. इंजिन दुपारपर्यंत गप्पच असायचं. पण गिरणी बंद पडली नाही आणि आम्हीही कुणी उपाशी मेलो नाही, म्हणून त्या सालाबद्दल मी जास्त रडत नाही. त्या दिवाळीत टिकली व्यायली, पहिलटकरीण. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. टिकलीनं सात नाही दाखवली. एका सकाळी मी अंगणात सडा घालत होते, तर ही मानेला धरलेलं पिल्लू घेऊन रस्त्यानं आली आणि बनुबाईच्या दारात शिरली. पुन्हा गेली, दुसरं घेऊन आली. पिल्लांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

कवडी गिरणीत दुसऱ्या कुठल्याही मांजराला पाय ठेवू देत नसे. बनुबाई हातात केरसुणी घेऊन तयार उभी राहिली, भांडणं सोडवायला. कवडीनं पिल्लांचा वास घेतला, एकेकाला चाटलं आणि त्यांच्याभोवती आडवी झाली. टिकलीनं तेवढ्यात जाऊन शेवटचं पिल्लू आणलं आणि आईच्या अंगावर डोकं टेकून झोपली.

"आली बाई माह्याराला," बनुबाई म्हणाली. "पयलं बाळतपन माह्यारीच पायजे." आणि टिकलीसाठी तिनं आपल्या वाटणीचं दूध काढून ठेवलं. त्या वर्षी दूध किती महाग होतं ते मी सांगत बसत नाही.

लंकाबाई दुसऱ्या दिवशी तणतणत आली आणि पिल्लं पदरात भरून घेऊन गेली. बनुबाईनं बाजूला सरून तिला वाट दिली. संध्याकाळच्या आत टिकलीनं सगळी पुन्हा आणली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा लंकाबाई आलीच नाही, आणि पिल्लांनी डोळे गिरणीत उघडले. त्यातला एक बोका माझ्या घरी आला. मीठ मी रीतसर दिलं होतं. त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

पिल्लं खेळायला लागल्यावर एका दुपारी लंकाबाई आली. दळण नव्हतं. पदराच्या टोकाला गाठ होती. ती ओट्यावर बसली, गाठ सोडली आणि ओंजळभर मीठ बनुबाईपुढं केलं.

"एक भाटी दे," म्हणाली.

मला हसू फुटत होतं. तिच्याच मांजरीचं पिल्लू न्यायला तीच मीठ घेऊन आली होती! पण बनुबाई हसली नाही. तिनं दोन्ही हात पुसले, मीठ ओंजळीत घेतलं आणि चुलीमागच्या गाडग्यात टाकून आली. मग भाट्यांतली सगळ्यांत धडधाकट भाटी निवडून लंकाबाईच्या मांडीवर ठेवली.

लंकाबाई उठेना. टिकली तिच्या पायाला अंग घाशीत होती. पिल्लांनी पिऊन पिऊन तिच्या बरगड्या वर आल्या होत्या. लंकाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा.

"लई वाळली गं ही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "बनुबाई, तुझ्या त्या डॉक्टरकडं... कवा न्यायाची असती?"

बनुबाई तिच्या शेजारी ओट्यावर बसली. "पिल्लं काला खायाला लागली, दूध आटलं, की न्यायाची. माजावर याच्या आत. म्या येते की संगं. अंगडं बी हाय माझ्याकडं, धुऊन ठिवलंय."

लंकाबाईनं मान हलवली आणि भाटीला पदरात घेऊन उठली. ती दारापर्यंत गेली, तेव्हा बनुबाईनं तिला हाक मारली.

"आन् लंकाबाई, तवर कुनाचं मीठ घिऊ नगंस."